अ‍ॅसिडचा आळ

विनोदिनी पोतनीस कुणालाच आवडत नसे, आणि हे तिला ठाऊक होतं. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या गल्लीत ती बँकेतल्या श्रीधर पोतनीसची बायको म्हणून आली तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होती, विद्यापीठात पहिली आली होती आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. भाजीवाल्याशी भांडताना तिचा आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. तो उतरला की भाजीवाला समजायचा, आता वजनाचा काटा तपासला जाणार.

तिला संशोधन करायचं होतं. सासूबाई, म्हणजे माई, म्हणाल्या, "लग्न झाल्यावर प्रयोगशाळेत बेडूक कापत बसणार का?" श्रीधरनं नेहमीप्रमाणे पेपरात तोंड घातलं. संशोधन राहिलं ते राहिलंच. सात-आठ वर्षं ती घरात बसून धुमसत होती आणि घरातली माणसं त्या धगीपासून हात राखून वावरत होती.

मग माईंच्या भावाला रेशमाचं वेड लागलं.

भय्यासाहेब मुजुमदार म्हणजे जुन्या दरबारी कारकुनांच्या घराण्यातला माणूस. घराण्याचं नाव उरलं होतं, बाकी फारसं काही नव्हतं. त्र्याण्णव सालची गोष्ट. लायसन्स-परमिटची कटकट संपली म्हणून जो तो काहीतरी काढत होता. कुणी एस.टी.डी. बूथ काढलं, कुणी केबल टीव्ही. भय्यासाहेबांनी देवास रोडवर पत्र्याच्या दोन लांब शेड उभ्या केल्या आणि 'मुजुमदार रेशीम बीज केंद्र' अशी पाटी लावली. तिथं रेशीमकिड्यांच्या पतंगांपासून अंडी मिळवायची आणि शेतकऱ्यांना विकायची. शेतकऱ्यानं तुती लावायची, अळ्या वाढवायच्या, कोष विकायचे. साऱ्या उज्जैनमध्ये त्या जागेला 'अंड्यांचा कारखाना' म्हणत आणि म्हणताना हसत. भय्यासाहेबांना ते बिल्कुल खपत नसे.

"सूनबाई, तू किड्यांचं शिकलीयेस ना?" एके दिवशी ते माईंच्या देखत म्हणाले. "मग घरात काय करतेस? ये माझ्याकडे. घरचं माणूस हवंय मला."

विनोदिनी दुसऱ्याच दिवसापासून जाऊ लागली. पहिल्यांदाच आम्ही तिला गल्लीतून भरभर चालताना पाहिलं.

काम असं होतं. कोषातून पतंग बाहेर पडले की नर-मादीची जोडी लावायची, आणि मग प्रत्येक मादीला कागदावर ठेवून तिच्यावर एक गोल टोपण घालायचं. ती रात्रभरात टोपणाखाली अंडी घालते. सकाळी टोपणं उचलली की कागदावर राईच्या दाण्यांएवढ्या अंड्यांची वर्तुळं उमटलेली दिसतात. एक वर्तुळ म्हणजे एका आईची अंडी. तिथल्या जातीची अंडी तशीच ठेवली तर पुढच्या वर्षापर्यंत झोपून राहतात. त्यांना जागं करायचं तर कोमट अ‍ॅसिडमध्ये काही मिनिटं बुडवून लगेच धुवावं लागतं. वेळ कमी पडला तर ती उठत नाहीत, जास्त झाला तर कवच खराब होतं.

अ‍ॅसिडचं काम सुलूकडे होतं. सुलू नानाखेड्याला राहायची. तिचा नवरा कापडगिरणीत होता, ती गिरणी बंद पडली आणि तो दिवसभर ओट्यावर बसू लागला. घर सुलूवर चालत होतं. उंच, काटक बाई, तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात दोघींचं वाजलं.

"हात आहेत की खुरपी?" विनोदिनी म्हणाली. "कागदाचा कोपरा फाडलास."

"फाटका होता, मॅडम. बघून बोला."

त्यानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत. विनोदिनी घड्याळ घेऊन तिच्या डोक्यावर उभी राहायची. तिची पाठ वळली की सुलू तिच्या चालण्याची नक्कल करायची आणि बाकीच्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. विनोदिनीला ते कळत होतं. ती दर महिन्याला भय्यासाहेबांना सांगायची, "मामासाहेब, ही बाई बदला." भय्यासाहेब म्हणायचे, "इतक्या पगारात अ‍ॅसिडला दुसरी कोण येणार?"

पहिली दोन वर्षं झकास गेली. विनोदिनी पुढच्या पिढीसाठी सगळ्यांत जाड, भरदार कोष निवडायची. पिढीगणिक कोष मोठे होत गेले. व्यापारी वाखाणू लागले. भय्यासाहेब पाहुण्यांना शेड दाखवायला आणायचे आणि म्हणायचे, "हमारी बहू का कमाल है." मराठी मंडळाच्या गणपतीत तिचा सत्कार झाला. ती हसली नाही, पण तिनं ती शाल पुढं पुष्कळ दिवस वापरली.

एक गोष्ट मात्र ती जाणून होती. भरदार कोष मोजक्याच आयांच्या वंशातून येत होते. पुढच्या पिढ्या म्हणजे त्यांच्याच लेकी, त्यांच्याच नाती. बहीण-भावांतच जोड्या लागत होत्या. एकदा तिनं भय्यासाहेबांना म्हटलं होतं की बाहेरून नवं बी आणायला हवं, रक्त फार जवळ आलंय. भय्यासाहेबांनी उडवून लावलं, "आपलं बी चांगलं चाललंय, मग दुसऱ्याचं कशाला?" तिनंही ताणून धरलं नाही. कोष मोठे होत होते आणि नाव होत होतं.

पंच्याण्णवच्या चैत्रात ते सगळं फुटलं.

माळव्यातला तो कोरडा महिना. हवा अशी की ओला पंचा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळावा. अंडी गावोगाव गेली आणि आठवड्याभरात शेतकरी परत आले. केंद्राच्या फ्रीगंजमधल्या ऑफिसात तीस-चाळीस माणसं शिरली. एका म्हाताऱ्यानं पिशवीतले कागद भय्यासाहेबांच्या टेबलावर भिरकावले. अंडी चपटी झाली होती, मधोमध खळगा पडलेली, वाळून कोंडा झालेली.

"ये क्या दिया है, साहब?" तो म्हणाला. "राई का छिलका? हमने गेहूँ छोड़ के शहतूत लगाया, इसके लिए?"

दुसरा कुणी ओरडला, "बुलाओ उस मैडम को!"

विनोदिनी आतल्या खोलीतून आली. सोबत सुलू होती, शेडवरून धुतलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आलेली. भय्यासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "विनोदिनी, हे काय झालंय? सांग यांना."

तिनं एक कागद उचलला, नखानं एक अंडं दाबलं. ते पापडासारखं मोडलं.

"अ‍ॅसिड जास्त झालंय," ती म्हणाली. "कवच गेलंय."

तिनं विचार करायला क्षणभराचाही वेळ घेतला नाही. आणि हे बोलताना तिची नजर सुलूकडे गेली. सगळ्या ऑफिसची नजर तिच्यामागोमाग गेली.

"मी घड्याळ बघून काढते," सुलू म्हणाली. "मॅडम, तुम्ही स्वतः उभ्या असता!"

"रोज नसते."

"बस!" भय्यासाहेबांना आयतं निमित्त सापडलं होतं. "निकल जा यहाँ से. आजपासून तुझं काम बंद. भाईयो, सुन लो, गलती इस औरत की है. मी हिला काढली."

माणसं शांत झाली असं नाही, पण त्यांचा राग कुठं वळवायचा ते ठरलं. सुलूनं गठ्ठा टेबलावर आपटला आणि ती गर्दीतून बाहेर गेली. जाताना कुणीतरी तिला कोपरानं ढकललं.

त्या गावांतली काही माणसं नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरणारी. बातमी सुलूच्या आधी तिच्या वस्तीत पोचली. नळावरच्या बायांनी तिला नाव ठेवलं, 'तेजाबवाली'. एका नर्सिंग होममध्ये आयाची जागा होती, तिथं तिला विचारलं, "वही ना, जिसने अंडे जला दिए?" आणि परत पाठवलं. ओट्यावरचा नवराही म्हणू लागला की एक काम धड होत नाही तुझ्यानं.

ती आमच्या गल्लीत आली ते टळटळीत दुपारी. पोतनीसांच्या घराखाली उभी राहून तिनं हाक मारली, "ओ मॅडम! खाली या!"

विनोदिनी जिन्यात आली. आम्ही सगळे गच्च्यांत, खिडक्यांत.

"माझं घर बुडवलंत," सुलू म्हणाली. "दोन वर्षं तुमच्या शिव्या खाल्ल्या, हात पोळून घेतले. एक शब्द बोलायचा होता, 'बघून सांगते'. एवढाही मोठेपणा नव्हता तुमच्याकडे?"

"गल्लीत तमाशा करू नकोस."

"तमाशा? त्या दिवशी चाळीस माणसांत तुम्ही केला तो काय होता?" सुलूचा आवाज चिरकला. "तुमच्या विद्येला कीड लागो. तुमच्या तोंडचं खरंसुद्धा कुणी खरं मानू नये!"

विनोदिनीचा आवाज नेहमीसारखा उतरला. "घड्याळ नीट बघायला शिकली असतीस," ती म्हणाली, "तर ही वेळ आली नसती."

सुलूनं एक पाऊल पुढं टाकलं. मला वाटलं, आता ही मारणार. पण ती फक्त जिन्याच्या पायरीवर थुंकली आणि वळली. माई वरून ओरडल्या, "गंगाजळ टाका रे तिथं!" विनोदिनीनं बादली आणून पायरी स्वतः धुतली. गल्लीत कुणाकडे पाहिलं नाही.

परत आलेले कागद शेडच्या मागं ढीग करून ठेवले होते. ते जाळून टाक, असं भय्यासाहेबांनी तिला सांगितलं. नव्या गिऱ्हाइकांच्या नजरेस पडायला नकोत. ती काडेपेटी घेऊन गेली. वरचा कागद उचलला आणि पाहत राहिली.

एका कागदावर वर्तुळांच्या रांगा होत्या. त्यातलं एक वर्तुळ पूर्ण चपटं. त्याला लागून असलेलं पूर्ण टपोरं, एकही अंडं आत बसलेलं नाही. मग दोन टपोरी, पुन्हा एक चपटं. तिनं दुसरा कागद काढला, तिसरा काढला. तसंच. अर्धं चांगलं आणि अर्धं वाईट असं वर्तुळ कुठंच नव्हतं. एका आईची सगळी अंडी मेलेली, नाहीतर सगळी जिवंत.

सबंध कागद एकाच वेळी अ‍ॅसिडमध्ये बुडतो. अ‍ॅसिड जास्त झालं असतं तर सगळ्या कागदाचं कवच गेलं असतं. अ‍ॅसिडला आया ओळखता येत नाहीत.

तिनं काडेपेटी कमरेला खोचली आणि तिथंच मातीत बसली. नंतर तिनं श्रीधरला सांगितलं की त्या क्षणी तिला आधी काय झालं असेल तर चीड आली. स्वतःची नाही, सुलूची. ही बाई बरोबर निघणार, याची चीड.

विद्यापीठात तिनं या विषयावर वाचलं होतं. अंड्याचं कवच अंड्यातला जीव बनवत नाही. ते आईच्या पोटात बनतं, नराशी संबंध यायच्याही आधी. अंड्याभोवती आईच्या पेशींचा एक थर असतो. त्या पेशींतली कवचाची जनुकं ठरलेल्या क्रमानं जागी होतात. आधी काही जागी होऊन पातळ जाळी घालतात आणि थांबतात, मग दुसरी येऊन तीत भर घालतात, शेवटी जागी होणारी वरचा कठीण थर चढवतात. हा क्रम चुकला, किंवा त्यातली काही जनुकं जागीच झाली नाहीत, तर कवच वरून ठीक दिसतं पण पोकळ राहतं. दमट हवेत असलं अंडं कसंबसं तगतं. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं आणि ते बसतं. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात आणि थंडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

असा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असा दोन्हीकडून आला तरच त्या मादीत उघडा पडतो. एरवी तो पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. पण बहीण-भावांच्या जोड्या लावत गेलं की लपलेलं वर येतं. आणि जोड्या लावल्या होत्या विनोदिनीनं.

तिनं कागद जाळले नाहीत. शेडमध्ये तिनं निवडून वाढवलेल्या जातीशिवाय बारीक कोषांची म्हणून मागं पडलेली आणखी एक जात होती; दोन्ही जातींचे उरलेले कोष तिनं टोपलीत घातले आणि घरी आणले.

"हे काय आणि घरात?" माई म्हणाल्या.

"कोष आहेत."

"जिवंत?"

"मेलेल्यांतून पतंग निघत नाहीत, माई."

त्यावरून जे सुरू झालं ते आठ-दहा दिवस चाललं. गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत तिनं थाळ्या मांडल्या. पतंग बाहेर पडताना तपकिरी पाणी सोडतात. एक मादी फडफडत दोरीवरच्या माईंच्या सोवळ्यापर्यंत पोचली आणि त्यावर डाग पडला. माईंनी ते सोवळं अंगणात फेकलं आणि जेवणावर बहिष्कार टाकला.

"माझ्या भावाचं वाटोळं करायला बसलीये ही," त्या श्रीधरला म्हणाल्या. "अरे, तुझ्या तोंडात जीभ आहे की नाही?"

श्रीधर गच्चीवर आला. "विनू, मामांच्या विरुद्ध जायची काय गरज आहे? ती बाई तर गेली. मामला थंड झालाय."

"तू खाली जा."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"श्रीधर, तुला माझ्या भल्याची खबर आजवर कधी लागली नाही. आता नको. खाली जा."

तो खाली गेला. ती एकटीच काम करत राहिली. आपल्या निवडलेल्या जातीच्या माद्या तिनं दुसऱ्या जातीच्या नरांशी जोडल्या आणि दुसऱ्या जातीच्या माद्या आपल्या जातीच्या नरांशी. दोन्हीकडच्या अंड्यांना अ‍ॅसिडचा थेंब लावला नाही. खिडकी उघडी टाकली आणि चैत्राची हवा आत येऊ दिली.

आठवडा गेला नाही तोच दिसलं. तिच्या जातीच्या माद्यांपैकी काहींची वर्तुळं संपूर्ण बसली होती. दुसऱ्या जातीच्या माद्यांचं एकही वर्तुळ बसलं नव्हतं, नर तिच्याच जातीचे असूनसुद्धा. दोष आयांकडूनच येत होता आणि त्या आया तिनं निवडलेल्या होत्या.

ती भय्यासाहेबांच्या घरी गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंड्यांच्या जनुकांत त्यांना रस नव्हता, पण एक गोष्ट त्यांना लगेच कळली.

"म्हणजे खराबी मादीत आहे," ते म्हणाले. "आणि सुलूची चूक नाही."

"नाही. माझी आहे. आणि नवं बी आणू न देणारे तुम्ही, म्हणून तुमचीही."

भय्यासाहेब बराच वेळ पानाचा डबा उघडझाक करत बसले. मग त्यांचा सूर मऊ झाला. "हे बघ सूनबाई. जुनं बी फेकून देऊ. बाहेरून नवं आणू, चूपचाप. कुणाला काय कळतंय? अ‍ॅसिडची बात लोकांना पटलीये, ती तशीच राहू दे. केंद्राचं नाव राहील, तुझंही राहील. त्या सुलूसाठी एवढं? तुझं तर तिच्याशी पटतही नव्हतं."

"पटत नाहीच," विनोदिनी म्हणाली. "मला ती बाई आजही सहन होत नाही. पण अ‍ॅसिड चुकलेलं नाही."

"मग काय करणारेस?"

"शेतकऱ्यांना सांगणारेय."

फ्रीगंजच्या ऑफिसात शेतकऱ्यांची पुढची बैठक झाली, तीत तिनं सांगितलं. शेतकऱ्यांसमोर ते कागद मांडले, अ‍ॅसिड न लावलेली अंडी दाखवली, वर्तुळांवर बोट ठेवून समजावलं. हिंदीत, साध्या शब्दांत. "तेज़ाब की गलती नहीं थी. नस्ल की थी, और नस्ल मैंने चुनी थी. सुलूबाई ने काम ठीक किया था."

पहिल्या दिवशी कागद भिरकावणारा तो म्हातारा उठला. "तो मैडम, उस दिन आपने झूठ बोला?"

"मला तसं वाटलं होतं," ती म्हणाली, मग हिंदीत पुन्हा, "मैंने बिना देखे बोला."

"बिना देखे!" म्हातारा हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "और हमने आपको देख के शहतूत लगाया."

मग सगळेच उठले. कुणी तिच्या शिक्षणाचा उद्धार केला, कुणी भय्यासाहेबांच्या घराण्याचा. एकानं खुर्ची उचलून आपटली. भय्यासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ही बाई आता केंद्रात नाही! आणि आमच्या घरातही नाही!" श्रीधर दारात उभा होता. त्यानं मामांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चपला घालू लागला. तिला घ्यायला पुढं आला नाही.

विनोदिनी तिथून थेट नानाखेड्याला गेली. सुलूचं घर विचारत विचारत शोधलं. सुलू दारात तांदूळ निवडत होती. तिनं बसा म्हटलं नाही.

विनोदिनीनं उभ्याउभ्याच सांगितलं. अ‍ॅसिडचा संबंध नव्हता. शेतकऱ्यांना सांगून आले.

सुलू खडे वेचत राहिली. "कुठं सांगितलंत?"

"फ्रीगंजला. ऑफिसात."

"मी फ्रीगंजला राहते का?" सुलूनं सूप खाली ठेवलं. "माझं नाव इथं गेलंय, मॅडम. या नळावर. ऑफिसातलं खरं घेऊन मी काय करू, चाटू?"

"मग काय पाहिजे तुला?"

"इथं सांगा. नळावर. सगळ्या जमतात तेव्हा. आणि मोठ्यांदा. त्या दिवशी बोललात तेवढ्या मोठ्यांदा."

विनोदिनीचा चेहरा लाल झाला. भाजीवाल्याशी काट्यावरून भांडणारी, गणपतीत सत्कार घेतलेली, आपल्याच गल्लीतल्या बायांशी धड न बोलणारी ही बाई. ती म्हणाली, "तू माझा अपमान करायला बघतेयस."

"हो," सुलू म्हणाली. "बघतेय."

दोघी कितीतरी वेळ एकमेकींकडे पाहत उभ्या होत्या, असं सुलूच्या शेजारणीनं पुढं सगळ्यांना सांगितलं. कुठल्याही क्षणी मारामारी होईल असं तिला वाटत होतं म्हणे.

संध्याकाळी पाणी आलं. नळावर हंड्यांची रांग लागली. विनोदिनी त्या चिखलात जाऊन उभी राहिली, साडीचा काठ भिजत होता.

"सुनिए," ती म्हणाली. बायांनी पाहिलं आणि पुन्हा बोलू लागल्या. तिनं आवाज चढवला. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. "मैं सुलूबाई के कारखाने की मैडम हूँ. अंडे सुलूबाई ने नहीं जलाए. तेज़ाब ठीक था. बीज खराब था, और बीज मैंने चुना था. इल्ज़ाम मैंने लगाया था, गलत लगाया था."

एक बाई फिस्सकन हसली. "अब याद आई, मैडमजी?" दुसरी म्हणाली, "हमारी सुलू को भूखा मार के?" तीच बाई कालपर्यंत सुलूला तेजाबवाली म्हणत होती. कुणीतरी हंडा असा टेकवला की पाणी विनोदिनीच्या अंगावर उडालं. चुकून असेल, नसेलही. ती हलली नाही. तिनं सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून सांगितलं. मग सुलूकडे पाहिलं.

सुलू भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या चेहऱ्यावर ना समाधान होतं, ना दया.

"झालं," ती म्हणाली. "आता जा."

विनोदिनी गेली.

केंद्र त्यानंतर वर्षभर कसंबसं चाललं. भय्यासाहेबांनी नवं बी आणलं, पण तोवर शेतकऱ्यांनी तुती उपटून सोयाबीन पेरलं होतं. बाहेरदेशचं स्वस्त रेशीमही बाजारात येऊ लागलं होतं. शेड पाडून त्या जागेचे कॉलनीसाठी प्लॉट पाडले. आजही भय्यासाहेब सांगतात की घरच्या माणसानं घात केला. माई सुनेच्या हातचं जेवत, पण ताट तिनं वाढलेलं चालत नसे. ते श्रीधरला वाढावं लागे. श्रीधर वाढायचा. नवरा-बायको एका घरात राहिले, यापेक्षा जास्त काही मला सांगता येणार नाही.

विनोदिनीनं फ्रीगंजमध्येच मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी जीवशास्त्राचा क्लास काढला. तेव्हा असल्या क्लासांचं पेव फुटलं होतं. तिच्या क्लासला गर्दी असे आणि मुलं तिला घाबरत. उत्तर वर न पाहता फटकन सांगणाऱ्याला ती उभं करायची आणि म्हणायची, "आधी बघ, मग बोल." मुलांना तो तिचा खडूसपणा वाटे. खडूस तर ती होतीच.

सुलूला देवासच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. ती रोज बसनं जायची-यायची. नवऱ्यालाही पुढं तिथंच चौकीदारी लागली. नळावरच्या त्या संध्याकाळनंतर दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

एका सोमवती अमावास्येला क्षिप्रेच्या रामघाटावर आम्ही घरची मंडळी आणि विनोदिनी बरोबरच गेलो होतो. गर्दीत पायरीवर सुलू समोर आली, ओल्या केसांनी, हातात तांब्या. दोघींनी एकमेकींना ओळखलं. जागा एकीलाच होती. विनोदिनी बाजूला सरली नाही, सुलूही सरली नाही. मागून पंड्यांची आरडाओरड, लोकांचे धक्के. शेवटी माझ्या आईनंच विनोदिनीच्या दंडाला धरून तिला एक पायरी खाली ओढलं, तेव्हा सुलू वर निघून गेली. विनोदिनीनं आईचा हात झटकला आणि म्हणाली, "मला ओढायचं काही कारण नव्हतं."